अन्नातले विष आणि त्याचा माग

गावच्या जेवणावळीत पन्नास-साठ माणसांना एकदम उलट्या सुरू झाल्या, की आपल्याकडे पहिला संशय कुणावर जातो? पालीवर. "दुधात पाल पडली असेल," असे कुणीतरी म्हणतो, बाकीचे माना डोलावतात आणि चौकशी तिथेच संपते. पाल बिचारी! घरात फिरणारी आपली पाल विषारी नसते. तिच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात हे खरे, पण ती गोष्ट निराळी. पालीनंतर संशय जातो तो भांड्यांच्या कल्हईवर, आणि तो मात्र अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, तांबे त्यात उतरते आणि पिणाऱ्याला मळमळते, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुठल्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते.

मी इतिहास शिकवतो. जंतुशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरी या विषयाकडे मी वळलो, त्याला एक घरगुती कारण आहे. १९८९च्या मे महिन्यात माझ्या मामाच्या गावी एक मुंज होती. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. जेवायला बासुंदी होती. पहाटेच ती आटवून, मोठ्या पातेल्यात काढून निवायला ठेवली होती. मुलांची पंगत आधी बसली, त्यामुळे बासुंदीचा पहिला मान आम्हा मुलांचा, आणि तीनच्या सुमारास पहिली उलटीही आमच्यापैकीच एकाची. संध्याकाळपर्यंत मांडवाचे इस्पितळ झाले. सुदैवाने दुसऱ्या दिवशी सगळे उठून बसले. मग मोठ्या माणसांची बैठक भरली. पाल शोधली, मिळाली नाही. कल्हई पाहिली, ती आठवड्यापूर्वीच केलेली होती. मग राहिला कोण? गवळी. त्यानेच दुधात काहीतरी घातले असणार, असे ठरले आणि त्याचा रतीब त्या दिवसापासून बंद झाला. तो दारात उभा राहून हात जोडून सांगत होता, की हेच दूध मी आणखी चार घरी घातले आहे, तिथे जाऊन विचारा. कुणी विचारले नाही. मला मात्र आणखी एक गोष्ट आठवते. बासुंदीत चारोळ्या घालून ढवळणाऱ्या आचाऱ्याच्या बोटाला चिंधी बांधलेली होती आणि ते बोट पिकलेले होते. ही गोष्ट बैठकीत कुणी काढली नाही. मला तिचे महत्त्व कळण्याचे वय नव्हते. पातेले तर तिन्हीसांजेच्या आत राखेने घासून लख्ख करून ठेवले होते. म्हणजे पुरावाही गेला.

अन्नातून विषबाधा झाली तर विष कुणाचे, हे शोधायला माणसाला फार काळ लागला, आणि त्या काळात असे अनेक गवळी नाहक भरडले गेले. आज आपण जंतूच्या जनुकापर्यंत पोहोचलो आहो. जनुक म्हणजे, सोप्या भाषेत सांगायचं तर, पेशीत लिहून ठेवलेली कृती. अमुक पदार्थ कसा तयार करायचा, याची. विष तयार करण्याचीही अशी कृती असते. ती कृतीच वाचायची आणि जंतू विषारी की निर्विष ते ठरवायचे, इथपर्यंत मजल कशी आली, ते मी आज सांगणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले डॉक्टर असे मानीत, की अन्न कुजले की त्यात 'टोमेन' नावाची विषे आपोआप उत्पन्न होतात. हे नाव इटलीतील सेल्मी या रसायनशास्त्रज्ञाने १८७०च्या सुमारास प्रेतांतून मिळणाऱ्या द्रव्यांना दिले होते. कल्पना पटण्यासारखी होती. फक्त एक अडचण होती: ज्या अन्नाने माणसे मरत, ते पुष्कळदा कुजलेले नसेच. त्याला ना वास, ना वाईट चव.

१८९५च्या डिसेंबर महिन्यात बेल्जियममधील एलझेल नावाच्या खेड्यात एका अंत्यविधीला गावचे वाद्यवृंद-मंडळ वाजवायला गेले होते. चौतीस वादक. विधी आटोपल्यावर ते जेवायला बसले. पानात खारवलेले, न शिजवलेले डुकराचे मांस होते. दुसऱ्या दिवसापासून एकेकाच्या डोळ्यांपुढे दोन-दोन आकृत्या दिसू लागल्या, पापण्या मिटू लागल्या, घास गिळवेना, आवाज बसला. तिघे मरण पावले आणि दहाएक जण मरणाच्या दारातून परत आले. घेंट येथील प्राध्यापक एमील व्हान एरमेंगेम यांच्याकडे तपास आला. हे रॉबर्ट कॉखचे शिष्य. त्यांनी उरलेले मांस मागवले (तिथे कुणी ते फेकून दिले नव्हते, हे त्या गावाचे भाग्य), त्यातून एक जंतू वेगळा काढला आणि हवा नसलेल्या जागीच तो वाढतो असे दाखवले. त्याच डुकराचे बाकीचे मांस ज्यांनी खाल्ले त्यांना काही झाले नव्हते. खारवणीच्या पिंपात तळाशी, हवेपासून दूर पडून राहिलेला तुकडा तेवढा मारक ठरला होता. व्हान एरमेंगेम यांनी पुढे जाऊन, जंतू गाळून काढलेला नुसता रस प्राण्यांना टोचला, तरीही तेच लकवे दिसले. तेव्हा मारणारा जंतू नव्हे, त्याने तयार करून ठेवलेले विष. जंतू हा आचारी झाला, आणि आचारी निघून गेला तरी पानातला पदार्थ शिल्लक राहतोच.

हीच गोष्ट फिलिपाईन्समध्ये एका अमेरिकन शास्त्रज्ञाने स्वतःच्या पोटावर अनुभवली. बार्बर त्यांचे नाव. एका शेतावर ते जात तेव्हा तिथल्या गाईचे दूध प्यायले की त्यांना उलट्या-जुलाब होत. गाय दिसायला निरोगी होती. त्यांनी पद्धतशीर पाहिले: ताजे धारोष्ण दूध प्यायले तर काही होत नाही, तेच दूध काही तास उष्ण हवेत ठेवून प्यायले, तर ठराविक वेळेला त्रास होतो. गाईच्या सडातून येणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू त्या काही तासांत विष तयार करीत होता. १९१४ साली त्यांनी हे छापले आणि जगाने ते वाचले नाही. १९३० साली शिकागोच्या डॅक यांनी साय भरलेल्या केकमुळे झालेल्या विषबाधेवरून हाच निष्कर्ष पुन्हा काढला, तेव्हा तो मान्य झाला. डॅक यांनीही जंतू गाळून काढलेला रस माणसांना पाजला होता. दुसरा उपायच नव्हता, कारण या विषाने उलटी होईल असे प्राणी थोडे. माणूस, माकड, मांजराचे पिल्लू. म्हणजे जंतू विषारी आहे की नाही हे पाहायचे, तर कुणाला तरी आजारी पाडावे लागे.

येथवरचा इतिहास युरोप-अमेरिकेतला. पुढचा महत्त्वाचा टप्पा मात्र आपल्या देशातला आहे, आणि आपण तो विसरलो आहोत, म्हणून त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

१८८३च्या अखेरीस कॉख कलकत्त्यात आला आणि महामारीच्या, म्हणजे पटकीच्या, रोग्यांच्या आतड्यांत त्याने स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पाहिला. पटकी ही एक प्रकारची विषबाधाच आहे, हा जंतू विष सोडतो, असे त्याने त्याच वेळी म्हटले होते. पण ते विष कुणाला दाखवता येईना. एक नाही, दोन नाही, पंचाहत्तर वर्षे ते सापडले नाही. प्राण्यांच्या शिरांत रस टोचून लोक पाहत होते, आणि पटकीचे विष रक्तात शिरून मारणारे नव्हेच, ते आतड्याच्या आतून काम करणारे. चुकीच्या दारावर सगळे थाप मारीत होते.

कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांनी दार बदलले. हुगळी जिल्ह्यातील साध्या घरातला मुलगा, कलकत्त्यात वैद्यक शिकलेला, लंडनला जाऊन परत आलेला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा. साधने बेताचीच. त्यांनी सशाचे लहान आतडे घेऊन दोऱ्याने मधेमधे बांधले, म्हणजे एकाच आतड्याच्या छोट्या-छोट्या पिशव्या झाल्या. एका पिशवीत जंतू घातले, शेजारच्या पिशवीत नुसते निर्जंतुक पाणी. दुसऱ्या दिवशी पाहावे, तो जंतूंची पिशवी पाण्याने टम्म फुगलेली, शेजारची तशीच. मग त्यांनी जंतूंऐवजी जंतू गाळून काढलेला रस घातला. पिशवी तरीही फुगली! १९५९ साली 'नेचर' या ब्रिटिश नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. लेख अगदी छोटा आहे. त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, डॉ. दत्ता यांनी पानसे आणि कुलकर्णी या सहकाऱ्यांसह सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून जंतूंवाचून नुसत्या विषाने पटकी होते असे स्वतंत्रपणे दाखवले. एकाच वर्षी कलकत्ता आणि मुंबई! आमच्या पाठ्यपुस्तकांत कॉखचे नाव असते. या दोघांचे नसते. दे यांना १९७८ साली स्वीडनमधील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले, आपल्याकडे त्यांच्या हयातीत फारशी दखल घेतली गेली नाही. १९८५ साली ते वारले, आणि १९९० साली 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर खास अंक काढला. मेल्यावर अंक काढण्यात आपण तरबेज आहोत.

परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने दे यांचे त्यापूर्वीचे, १९५६चे काम मला अधिक मोलाचे वाटते. एश्चेरिकिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, हा जंतू म्युनिचच्या एश्चेरिख यांनी १८८५ साली वर्णिला. तो तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. दे यांनी हगवणीच्या रोग्यांकडून मिळवलेले ई. कोलाय सशाच्या त्या पिशव्यांत घातले, तेव्हा काही वाणांनी पिशवी फुगवली आणि काहींनी नाही. भिंगाखाली पाहिले तर सारखेच, थाळीत वाढवले तर सारखेच, नावही एकच. एक विषारी, एक निर्विष. सबंध प्रकरणाची किल्ली इथे आहे. जंतूचे नाव कळले म्हणजे त्याचा गुण कळला, असे होत नाही. एकाच आडनावाच्या घराण्यात साधूही निघतो आणि चोरही.

असे का व्हावे? याचे उत्तर १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये विल्यम्स स्मिथ यांच्या कामातून मिळाले. डुकराच्या पिल्लांना हगवण लावणारे ई. कोलाय आणि निरुपद्रवी ई. कोलाय एकत्र ठेवले, तर निरुपद्रवीही विष करू लागतात. विष करण्याची कृती जंतूच्या मूळ वंशसूत्रात लिहिलेली नसते. ती प्लाझ्मिड नावाच्या एका छोट्या सुट्या वलयावर असते, आणि ते वलय एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. हातोहात फिरणारी चिठ्ठीच म्हणा ना. काही विषांची कृती तर जंतूंना ग्रासणारे विषाणू इकडून तिकडे नेतात, असे पुढे आढळले. चिठ्ठी ज्याच्या खिशात, तो विषारी. तेव्हा खिसा तपासायला हवा. चेहरा पाहून भागणार नाही.

खिसा तपासण्याची पहिली चांगली रीत १९८० साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठातील मोझली आणि फाल्को, आणि त्यांच्याबरोबर ढाक्यातले संशोधक. हगवणीने मुले दगावण्याचा प्रश्न सिॲटलचा नव्हता, ढाक्याचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ही जोडी कशी जमली ते कळते.

त्यांची रीत माझ्यासारख्याला कळेल अशा उपमेने सांगतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यांत एका विशिष्ट मजकुराचे पत्र आहे का, हे शोधायचे आहे. एकेक कागद वाचत बसलात तर जन्म जाईल. पण समजा, अशी एक चिठ्ठी मिळाली, की जी त्या मजकुराच्या ओळीलाच नेमकी जाऊन चिकटते, दुसरीकडे कुठे चिकटत नाही, आणि चिकटली की काळा डाग उमटवते. मग सगळे कागद पसरायचे, चिठ्ठ्या वरून टाकायच्या आणि डाग कुठे दिसतो ते पाहायचे. डीएनएला दोन धागे असतात आणि एक धागा दुसऱ्याचा नेमका जोडीदार असतो. त्या मंडळींनी विषाच्या जनुकाचा एक धागा घेतला, त्याला किरणोत्सर्गी फॉस्फरसची खूण लावली, जंतूंचे ठिपके गाळणकागदावर वाढवून फोडले, त्यांच्या डीएनएचे धागे सुटे केले आणि वर हा खूण लावलेला धागा सोडला. ज्या ठिपक्यात जोडीदार होता तिथे तो चिकटून बसला आणि क्ष-किरणांच्या फिल्मवर काळा डाग उमटला. ससा नको, माकड नको, कुणाला पाजायला नको. शेकडो नमुने एकदम तपासता येऊ लागले.

तरी त्यात दिवस जात आणि जंतू आधी वाढवावे लागत. ही अडचण कॅरी मुलिस यांच्या १९८३च्या युक्तीने दूर केली. आता लोक तिला पीसीआर म्हणून ओळखतात. कोरोनाच्या साथीत नाकात काडी घालून झालेली परीक्षा हीच. दफ्तराचीच उपमा पुढे न्यायची तर, सबंध रुमालातून फक्त हवी ती ओळ हेरून तिच्या नकला काढणारा हा एक अजब कारकून आहे. एका फेरीत एकाच्या दोन, दुसरीत दोहोंच्या चार. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक नकला होतात, आणि त्याला लागतात दोन-तीन तास. दर फेरीला मिश्रण जवळजवळ उकळत्या पाण्याइतके तापवावे लागते, आणि त्या उष्णतेत टिकणारे विकर मिळाले ते यलोस्टोनच्या उन्हाळ्यांत राहणाऱ्या एका जंतूकडून. थॉमस ब्रॉक यांनी १९६०च्या दशकात तो शोधला, तेव्हा तो कशाच्या उपयोगी पडेल हे कुणाच्या गावीही नव्हते.

आता एवढे हत्यार हाती आल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही, आणि का मिटला नाही हे १९८२ ते २०११ या काळात दिसते.

१९८२ साली अमेरिकेतील ऑरेगन आणि मिशिगन या संस्थानांत हॅम्बर्गर खाल्लेल्या लोकांना रक्ताची हगवण लागली. त्यातून ओ-१५७ नावाचा ई. कोलायचा वाण पुढे आला. त्याचे विष तेच, जे जपानच्या शिगा यांनी १८९७ साली शोधलेल्या आमांशाच्या जंतूच्या एका वाणाचे; विषाणूने ते इकडे आणून दिलेले. हे विष मुलांची मूत्रपिंडे निकामी करते. १९९३ साली त्याच देशाच्या पश्चिम भागात कच्च्या राहिलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. हा वाण ओळखायला एक सोपी खूण होती. बहुतेक ई. कोलायना सॉर्बिटॉल नावाची साखर पचते, याला ती पचत नाही, म्हणून खास थाळीत तो फिका दिसतो. प्रयोगशाळांना हे सोयीचे झाले. फिका ठिपका म्हणजे विषारी, रंगीत ठिपका म्हणजे सोडून द्या. नव्या वेषात जुनीच चूक! पुन्हा चेहरा पाहणे आले.

२०११च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत, हांबुर्गच्या आसपास, एकाएकी माणसे मूत्रपिंडे बंद पडून इस्पितळात येऊ लागली. मुले नव्हेत, धडधाकट मोठी माणसे, आणि त्यांतही बायका अधिक. सॉर्बिटॉलची थाळी काही सांगेना, कारण हा ई. कोलाय ओ-१०४ जातीचा होता आणि त्याला ती साखर पचत होती. अखेर विषाच्या जनुकावरून तो ओळखला गेला. पण तेवढ्यात एक अनर्थ झाला. हांबुर्गच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी बाजारातल्या काकड्या तपासल्या आणि स्पेनहून आलेल्या काही काकड्यांवर विषारी ई. कोलाय सापडले. २६ मे रोजी तसे जाहीर झाले. झाले! युरोपभर काकड्या रस्त्यावर ओतल्या गेल्या, स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सीमेवर कुजला, रशियाने युरोपीय संघाची सारी भाजीच बंद केली. पाच दिवसांनी पुढचे निकाल आले. काकडीवरचा जंतू विष करणारा होता, हे खरे. पण तो रोग्यांच्या पोटातला जंतू नव्हता. कृती मिळाली, मात्र ती दुसऱ्याच्याच खिशातली होती.

श्रोते हो, हे मला फार विचार करण्यासारखे वाटते. इथे कुणी खोटे बोलले नव्हते. परीक्षा खोटी नव्हती. 'विष आहे का?' एवढा एकच प्रश्न विचारला गेला, आणि 'हेच ते विषारी का?' हा दुसरा प्रश्न विचारण्यापूर्वी निकाल बाहेर पडला. म्युन्स्टरच्या प्रयोगशाळेने मग अशी पीसीआर परीक्षा तयार केली, की जी एका वेळी चार जनुके पाहते: एक विषाचे आणि तीन त्या वाणाच्या ओळखीची. चारही मिळाली तरच तो. इकडे हांबुर्गहून मिळालेल्या डीएनएवरून चीनमधील शेंझेनच्या संस्थेने जून महिन्याच्या आरंभीच त्या जंतूची सारी जनुकसंहिता वाचून जगापुढे उघडी टाकली, आणि देशोदेशीच्या अभ्यासकांनी ती काही दिवसांत चाळून काढली. तेव्हा कळले, की आतड्याला चिकटून राहणाऱ्या एका जुन्या ई. कोलायला विषाणूने शिगाची चिठ्ठी आणून दिली होती. चिकटणारा आणि विषारी, असे दोन्ही गुण एकाच्या अंगी आले होते.

एवढे झाले तरी तो आला कुठून, हे जनुकांनी सांगितले नाही. ते सांगितले उपाहारगृहांच्या बिलांनी! बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेच्या माणसांनी एका उपाहारगृहात जेवून गेलेल्या मंडळींची बिले, टिपणे आणि छायाचित्रे गोळा केली, कुणी कुठला पदार्थ मागवला ते पाहिले, आणि मग मुदपाकखान्यात जाऊन त्या पदार्थावर काय-काय भुरभुरले जाते ते आचाऱ्याला विचारले. ज्यांच्या पानात मोड आलेल्या बियांची पखरण होती ते आजारी पडण्याचे प्रमाण इतरांच्या कितीतरी पट निघाले. रोग्यांना विचारल्यावर ती आठवली नव्हती. सजावटीला वाहिलेले मोड कुणाच्या लक्षात राहतात? माग लोअर सॅक्सनीतील एका मोडांच्या शेतावर आणि तिथून इजिप्तहून आलेल्या बियांवर गेला. बिया कसल्या? मेथीच्या. आपल्या घराघरांत असते तीच मेथी. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ तोच आजार दिसला, तिथेही त्याच मेथीचे मोड होते. बियांच्या नमुन्यांत मात्र तो जंतू काही सापडला नाही. जर्मनीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ८५० हून अधिक लोकांच्या मूत्रपिंडांवर घाला आला आणि ५३ दगावले. युरोपीय संघाने भाजीवाल्या शेतकऱ्यांना वीस कोटी युरोंहून अधिक भरपाई दिली.

जनुकाची आणखी एक मर्यादा सांगतो. २००० सालच्या मार्चअखेरीस जपानमध्ये होक्काइडो बेटावरील स्नो ब्रँड कंपनीच्या कारखान्यात वीज गेली. काही तास दूध कोमट राहिले, आणि तेवढ्यात स्टॅफिलोकॉकसने आपले काम उरकले. पुढे त्या दुधाची भुकटी झाली. तापवण्यात जंतू मेले, पण हे विष उकळण्याला दाद देत नाही, ते भुकटीत राहिले. जूनमध्ये ओसाका भागात त्या भुकटीपासून केलेले दूध पिऊन तेरा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. अशा ठिकाणी जिवंत जंतू शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही. विषच शोधावे लागते. आणि उलटपक्षी, जनुक मिळाले म्हणजे विष तयार झालेच होते असेही नाही. खिशात कृती असलेला प्रत्येक जण स्वयंपाक करतोच असे नाही, त्याला वेळ आणि ऊब लागते. म्हणून जाणती प्रयोगशाळा जनुक, विष आणि जंतू अशा तिन्ही बाजूंनी पाहते, आणि जोडीला कोण काय जेवला याची यादी मागते.

'आम्ही दूध उकळले होते ना!' असे त्या मुंजीच्या दिवशी माझी आजी पुनःपुन्हा म्हणत होती. खरेच उकळले होते. गवळ्याच्या दुधात जंतू असतीलही, पण ते पहाटेच्या आटवणीतच मेले असणार, आणि तेच दूध गेलेल्या बाकीच्या चार घरांत कुणाला काही झाले नव्हते, हे मला पुढे कळले. निवत ठेवलेल्या बासुंदीत, मे महिन्याच्या उन्हाळ्यात, चिंधी बांधलेल्या बोटाकडून काय उतरले असेल याचा तर्क आज करता येतो. जेवल्यावर तीन तासांत उलट्या, फारसा ताप नाही, दुसऱ्या दिवशी आराम, ही सारी लक्षणे स्टॅफिलोकॉकसच्या विषाशी जुळतात. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. वाटीभर बासुंदी बर्फात घालून कुणी जिल्ह्याच्या गावी नेली असती, आचाऱ्याच्या बोटाचा पू काडीवर घेतला असता, आणि दोहोंतील जंतूंची जनुके ताडून पाहता आली असती, तर गोष्ट निराळी. १९८९ साली आमच्या तालुक्यात ते होणे नव्हते. आज ते होऊ शकते. मात्र पातेले घासण्याआधी कुणीतरी वाटी बाजूला काढून ठेवली पाहिजे.

गवळ्याचा रतीब पुन्हा सुरू झाला नाही. मामांकडे अजूनही दूध वरच्या आळीतून येते.